कोतवाल बुकाचे प्रत्येक पान खुले करावे: महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझे पणजोबा वाळवा तालुक्यातील एका खेड्याचे शेतकरी. पहिल्या महायुद्धात ते ११७व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले, २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करल्यावर तुर्कांच्या कैदेत राहिले आणि युद्ध संपल्यावर गावी परतले, एवढे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. कागदोपत्री मात्र ते जवळजवळ नाहीत. जुने फेरफार काढले, तर तेथे थोरल्या भावाचे नाव आणि त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचे नाव लागले, की धाकट्यांची नावे बहुधा उताऱ्यावर येतच नाहीत, आणि पणजोबा धाकटे होते. युद्धात पडलेल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे घरबसल्या शोधता येते; त्यांचे जिवंत परतणेच माझ्या शोधाच्या आड आले, असे कधीकधी वाटते. पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी राखणाऱ्या हेळव्यांच्या बाडात वंशावळ मिळाली, पण तीत नुसती नावे आहेत, साल एकही नाही.

उरते ते गाव नमुना नं. १४, म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूच्या मोडीत लिहिलेल्या या नोंदींत जमीन नसलेला, धाकटा, विधवा, सगळेच येतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत घरटी कोण गेले, हे कळण्याचा दुसरा मार्ग बहुतेक कुटुंबांना नाही. जन्माच्या नोंदीत अनेकदा बाळाचे नाव नसते, केवळ बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणूनच एखाद-दुसरे पान पाहून काही हाती लागत नाही. सलग काही वर्षांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी ही दप्तरे राज्यभर उघडली गेली, मोडी वाचक नेमले गेले आणि अनेक जिल्ह्यांनी पाने स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवली. शासनाने मनावर घेतले तर हे काम होते, हे त्यातून दिसले. परंतु तो शोध केवळ कुणबी नोंदीचा होता, आणि ज्या पानावर ती नाही ते पान पुन्हा बासनात गेले. माझी मागणी एवढीच, की आता बुके पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन व्हावीत आणि गाव व सालानुसार कोणालाही पाहता यावीत. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांत तयार झालेल्यांना तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मानधनावर बसवता येईल.

त्याबरोबर प्रत्येक गावापुढे त्याची जुनी हद्द लिहावी. आमचा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, नंतर दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली पडले. पणजीचे माहेर कुंडल तर औंध संस्थानात. कोणते दप्तर कोठे गेले, हे ज्या त्या कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगायचे, ही आजची रीत आहे.

प्रतींसाठी जे शुल्क ठरेल ते भरण्यास आमची ना नाही. मात्र नोंद दाखवण्यापूर्वी तिची नेमकी तारीख अर्जदाराकडेच मागण्याची जी पद्धत मला एका रेकॉर्ड रूममध्ये अनुभवास आली, ती बंद करण्याचे लेखी आदेश आपण द्यावेत, ही विनंती.

आपला,
वाळवा तालुक्यातील एक खातेदार