घरी शिकणाऱ्या मुलांच्या मासिक सादरीकरणाबाबत सूचना

सर्व पालक-सदस्यांना कळविण्यात येते की, घरीच शिकणाऱ्या आपल्या मुलांचे या महिन्याचे सादरीकरण येत्या शनिवारी दुपारी चार वाजता नेहमीच्या सभागृहात होईल. प्रत्येक मुलाने एक प्रकल्प, कुटुंबासह केलेली एक सहल आणि पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) एक पाठ स्वतःच्या शब्दांत मांडावा. पालकांनी लिहून दिलेली भाषणे टाळावीत, कारण ती लगेच ओळखू येतात. मागील खेपेस एका मुलीने मत्तयाच्या शुभवर्तमानातील अध्याय १३ मधील पेरणाऱ्याचा दाखला (बी म्हणजे वचन, जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचे मन) सांगताना मुरूम, तणाची जमीन आणि काळी माती अशा तीन कुंड्यांत ज्वारी पेरून आणली होती, आणि मुरमातील पिवळी पडलेली रोपे पाहून अगदी लहान मुलांनाही दाखला उमगला. पाठ व प्रकल्प असे एकत्र आल्यास उत्तमच. सहलीस निघणाऱ्यांनी वेरूळची लेणी मंगळवारी व अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. वेरूळचे क्रमांक १६ चे कैलास लेणे वरून खाली कसे कोरत आणले, हे मुलाने स्वतः काढलेल्या आकृतीने दाखवावे. सादरीकरणाची छायाचित्रे इतरांना पाठविताना मुलांची पूर्ण नावे व पत्ते देऊ नयेत. सहभागी मुलांची नावे गुरुवारपर्यंत समन्वयकांकडे द्यावीत.