लॅबला कुलूप, मग पोरं गच्चीवरच जाणार

संपादक साहेब,

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आमच्या लालबागच्या चाळीत गच्चीवर धडामधुडूम सुरू होतं. यंदा नववीतल्या पोरांनी प्रोजेक्टचं टेस्टिंग म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत घरातलंच सामान मिसळून झाकण घट्ट लावलं आणि बाटली फुटली, नशीब कुणाच्या डोळ्यात काही गेलं नाही. काय मिसळलं ते मुद्दाम लिहीत नाही, रील्सवर आहे तेवढं पुरे. कमिटीने लगेच गच्चीला कुलूप लावलं आणि शाळेने सांगितलं की केमिकलचे प्रोजेक्टच नकोत, मॉडेल आणा. झालं!

मी शाळेत लॅब असिस्टंट होतो, आता रिटायर. पोरांना विचारलं बाटली का फुटली रे, तर म्हणतात केमिकल पॉवरफुल होतं. अरे, पॉवर झाकणाची! रिअॅक्शनमध्ये हायड्रोजन सुटतो, उष्णता पण निघते, उष्णतेने रिअॅक्शन अजून जोरात, वायूला जायला वाट नाही, मग बाटली फुगत जाते आणि जिथे कच्ची असेल तिथून फाटते, सोबत आतलं गरम पाणी अंगावर. त्यात ती कधी फाटेल याचा भरवसा नाही, आणि पोरं फुसक्या सुतळी बॉम्बसारखी जवळ जाऊन वाकून बघतात.

हे सगळं लॅबमध्ये कळतं हो. आम्ही सोडियम दाखवायचो, रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने काढायचं, टीपकागदावर टिपायचं, मुगाएवढा तुकडा कापायचा, मध्ये काच आणि पोरं लांब. पाण्यावर तो तुरुतुरु पळायचा, फेनॉल्फ्थॅलिन टाकलेलं पाणी गुलाबी व्हायचं, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून हमखास आवाज, सर मोठा टाका ना! मागणी मूर्खपणाची नव्हती बरं का, मोठा तुकडा पाण्यात धडाड्कन का फुटतो हा खरा प्रश्न. प्रागच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली पाण्यात पडणाऱ्या सोडियम-पोटॅशियमच्या पातळ मिश्रधातूच्या थेंबावर हायस्पीड कॅमेरा लावून हेच बघितलं, तर हायड्रोजन पेटायच्या आधीच धातूतले इलेक्ट्रॉन पाण्यात पळतात, मागे राहिलेले धनप्रभारित आयन एकमेकांना ढकलतात आणि मिलिसेकंदाच्या आत थेंबाला काटे फुटतात. असं काही त्या पोरांना कुणी सांगितलं असतं तर प्रोजेक्ट तिथेच तयार होता, गच्चीवर जायची गरजच नाही.

पण सांगणार कोण? माझ्या जागी शाळेत माणूसच घेतला नाही. सायन्सचे सर एकटे, वर्ग भरलेला, ॲसिडचं कपाट उघडायची त्यांना भीती वाटते ते बरोबरच आहे. मग प्रॅक्टिकल जर्नलमध्ये होतं, आकृती काढा, सही घ्या. आणि प्रदर्शनात बक्षीस कुणाला, तर ज्याच्या टेबलावर धूर जास्त.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळांनी लॅब असिस्टंटच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि प्रदर्शनाआधी दोन-चार शनिवार लॅब उघडी ठेवावी, धमाका करायचाय ना, ये, आधी सरांना कागदावर दाखव.

आणि आईबापांसाठी, डोळ्यात ॲसिड उडालं तर दूध, तूप, हळद काही नाही, डोळा उघडा धरून १५-२० मिनिटं वाहतं पाणी सोडा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. आमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, म्हणून पोरांना विचारलं की वर बादलीभर पाणी तरी नेलं होतं का. नव्हतं नेलं.

– एक निवृत्त लॅब असिस्टंट, लालबाग, मुंबई