गोल्फ शिकण्याआधी कोपर तपासा

संपादक महोदय,

येरवड्याचे हिरवेगार मैदान पाहून पन्नाशीत गोल्फ शिकावासा वाटला, तर त्यात गैर काही नाही. पण कोपर आतल्या बाजूने दुखत असेल, तर फी भरण्याआधी ओला टॉवेल पिळून पाहावा. कळ आली, तर क्लास थोडा लांबवावा.

गोल्फ म्हणजे नुसते चालणे, हा गैरसमज आहे. सरावात चेंडू बरेचदा चटईवरून मारतात आणि चटईखाली काँक्रीट असते. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूआधी चटईवर आपटला की धक्का सरळ कोपरात जातो; उजवखोऱ्याच्या बहुधा उजव्याच. त्यात नवखा माणूस क्लब गच्च आवळून धरतो. म्हणून चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवावा, ग्राफाइट दांड्याचा क्लब मागावा. पहिले दोन-तीन आठवडे फक्त पटिंग (चेंडू हलकेच घरंगळवणे) आणि छोटे चिप (जवळचे उचलते फटके), मग अर्धा स्विंग (क्लब अर्धाच मागे नेऊन मारणे), तोही एका वेळी २५-३० चेंडूंचा. पैसे भरलेत म्हणून चेंडूंची अख्खी बादली संपवायचा पुणेरी हिशेब इथे नको! दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर एक पायरी मागे यावे.

कंबरेची कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर. आणि दहा तासांचे पॅकेज आगाऊ घेण्यापेक्षा एकेका तासाचे पैसे द्यावेत.

– एक फिजिओथेरपिस्ट, कोथरूड, पुणे