कामगाराला यंत्र थांबवण्याची मुभा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. तिच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या तारखेपासून देशभरातील कारखान्यांत सुरक्षा सप्ताह पाळला जातो. सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर येथील कारखानेही त्याला अपवाद नाहीत. सामुदायिक शपथ होते, घोषवाक्यांच्या आणि चित्रांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात. या उपक्रमांना माझा विरोध नाही. सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी करताना मी स्वतः ते आवडीने आयोजित केले आहेत. परंतु सप्ताह संपल्यानंतरच्या एखाद्या रात्रपाळीत, महिनाअखेरीचे उत्पादन पूर्ण करायचे असताना, एखाद्या हेल्परला यंत्राचा आवाज बदललेला जाणवला, तर तो कोणालाही न विचारता ते यंत्र थांबवू शकतो का, आणि थांबवल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतले जाते का, या प्रश्नाच्या उत्तरावरूनच त्या कारखान्याची सुरक्षा संस्कृती ओळखावी, असे माझे ठाम मत आहे.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनवणारे असंख्य छोटे-मोठे कारखाने आहेत आणि त्यांतील अनेकांचा कणा म्हणजे पॉवर प्रेस. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, प्रेस खाली येते, भाग तयार होतो, तो काढून पुढचा तुकडा ठेवायचा. हे काम पाळीभर अखंड चालते आणि त्यात बोटे, कधी कधी पंजे जातात. यावरचा उपाय जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला आहे. दोन्ही हातांनी दोन वेगवेगळी बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, आणि डायच्या पुढे प्रकाशकिरणांचा पडदा, म्हणजे सेन्सर, असावा, म्हणजे हात आत असताना प्रेस जागीच थांबेल. बहुतेक ठिकाणी ही साधने बसवलेलीही असतात. तरीही एका बटणावर चिकटपट्टी गुंडाळलेली किंवा सेन्सर बंद करून ठेवलेला दिसतो. अपघात झाला की चौकशी अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे कारण लिहून प्रकरण मिटवले जाते आणि ज्याची बोटे गेली त्याच्याच माथी खापर फुटते.

अहवाल लिहिणाऱ्याने थोडे मागे जाऊन पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. तासाला किती भाग निघाले पाहिजेत हे ठरवताना वेळेची मोजणी सेन्सर चालू ठेवून केली होती का? सेन्सर विनाकारण प्रेस थांबवू लागला आहे अशी तक्रार आली, तेव्हा तो दुरुस्त व्हायला किती आठवडे लागले? सेन्सर बंद करण्याची किल्ली कोणाच्या ताब्यात होती? मी काम केलेल्या एका कारखान्यात ही किल्ली सुपरवायझरच्या टेबलाजवळ खिळ्याला लटकत असे आणि ती कोणीही घेऊ शकत असे. तेथे दोन गोष्टी बदलल्या. सर्व संरक्षक साधने चालू ठेवून भागांचे लक्ष्य नव्याने निश्चित करण्यात आले, आणि सेन्सरची तक्रार त्याच पाळीत सोडवण्याची जबाबदारी देखभाल विभागावर टाकण्यात आली. त्यानंतर कोणाला नोटीस द्यावी लागली नाही की दंड करावा लागला नाही. बटणांना पट्टी लावण्याची गरजच उरली नाही. माणूस जीव धोक्यात घालून काम करतो तेव्हा बहुधा त्या कामाची आखणीच तशी झालेली असते, हा धडा मला त्या प्रेस शॉपने दिला.

अनेक प्रवेशद्वारांवर ‘अपघातविरहित दिवस’ दर्शवणारा मोठा फलक असतो. त्यामागचा हेतू चांगला असेल, पण त्या आकड्याशी बक्षीस किंवा अधिकाऱ्याची बढती जोडली गेली की तेथे पाणी मुरू लागते. जखमी कामगाराला बाहेरच्या खासगी दवाखान्यात नेऊन टाके घातले जातात, आठ दिवस घरी बसवून पूर्ण हजेरी लावली जाते, आणि कंत्राटी कामगार असेल तर ‘घरी पडलो असे सांग’ असा सल्ला दिला जातो. या लपवाछपवीची किंमत कामगार पुढे कित्येक वर्षे मोजतो. कामावर झालेल्या इजेसाठी कर्मचारी राज्य विमा योजनेत कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते, आणि बोट किंवा हात कायमचा निकामी झाला तर त्या प्रमाणात आयुष्यभर भत्ता मिळतो. अपघाताची नोंदच झाली नाही, तर या हक्कांसाठी त्याला पुराव्याविना भांडत बसावे लागते. व्यवस्थापनाला मोजायचेच असेल, तर थोडक्यात टळलेले अपघात मोजावेत. क्रेनचा पट्टा अर्धवट तुटलेला सापडला, जमिनीवर तेल सांडून कोणी घसरता घसरता वाचला, अशा नोंदी ज्या विभागातून महिनाभर एकही येत नाही, त्या विभागाची व्यवस्थापकाने अधिक काळजी करावी.

कायद्याने यातील काही गोष्टी फार पूर्वीच ओळखल्या आहेत. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत सुरक्षा व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग आणि नजीकच्या धोक्याचा इशारा देण्याचा त्यांचा हक्क या दोन्ही बाबी आल्या. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणून देण्याची तरतूद तिने केली आहे. पण इशारा देणे आणि यंत्र थांबवणे यांत अंतर आहे. निरीक्षक येईपर्यंत प्रेस चालूच राहते. म्हणून प्रत्येक व्यवस्थापनाने, धोका दिसल्यास काम थांबवणाऱ्या कामगारावर, त्याची शंका नंतर चुकीची ठरली तरीही, कोणतीही कारवाई होणार नाही, असे स्वतःच्या सहीने मराठीत आणि हिंदीत लिहून प्रत्येक विभागात लावावे. अशा कागदाचे वजन किती, हे पहिल्यांदा कोणी यंत्र थांबवल्यावर वरिष्ठ काय बोलतात त्यावर ठरेल, हेही तितकेच खरे.

याची सर्वाधिक गरज कंत्राटी कामगाराला आहे. तो आज एका कारखान्यात, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यात असतो. त्याला यंत्राची ओळख करून देण्यासाठी वेळ खर्च करणे ठेकेदाराला परवडत नाही आणि कारखाना त्याला आपला मानत नाही. त्याच्या पायात सेफ्टी शूज असले तरी ते अनेकदा आधी सोडून गेलेल्या कामगाराचे, मापाला न बसणारे असतात. इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथील कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी लागलेली आग नाशिककर विसरलेले नाहीत. त्या आगीत कामगारांचे जीव गेले, आणि मे २०२५ मध्ये तेथे पुन्हा मोठी आग लागली. कोठेही आग लागली की अग्निशमन दलाचा पहिला प्रश्न असतो, ‘आत किती माणसे आहेत?’ ज्या कारखान्यात ठेकेदारांच्या माणसांची नोंद ठेकेदाराच्याच वहीत असते, तेथे या प्रश्नाचे उत्तर मिळायला मोलाची मिनिटे जातात. प्रवेशद्वारावर कायम आणि कंत्राटी सर्वांची एकच हजेरी, आणि रात्रपाळीतही घेतलेला बाहेर पडण्याचा सराव, एवढी किमान अपेक्षा अवाजवी नाही. दिवसपाळीत, पाहुण्यांसमोर, आधी सूचना देऊन घेतलेल्या सरावातून फारसे काही कळत नाही.

अपघात निदान दिसतो. हळूहळू शरीर पोखरणारे आजार दिसतही नाहीत. प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षे उभे राहिल्यावर कान अधू होतात, फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर काम करणाऱ्याच्या त्वचेला आणि नाकाच्या पडद्याला जखमा होतात. हे तिन्ही आजार शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहेत. तरीही ‘खोकला तर सर्वांनाच असतो’ असे म्हणून वेळ मारून नेली जाते. वार्षिक आरोग्य तपासणी अनेक ठिकाणी होते, मात्र तिचा अहवाल कार्यालयाच्या कपाटात राहतो आणि कामगाराला फक्त सही केल्याचे आठवते. तपासणीचा अहवाल त्याच्या हातात, त्याला समजेल अशा भाषेत पडला पाहिजे. कानाची तपासणी कामावर घेतानाच करून ठेवली, तर पुढे ऐकू किती कमी झाले आणि कशामुळे, याबाबत वादच उरत नाही. महिला कामगारांच्या बाबतीत एक साधी गोष्ट सांगतो: स्वच्छतागृह दूर किंवा अस्वच्छ असल्यामुळे अनेक जणी पाळीभर पाणी पिण्याचे टाळतात आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात. हा व्यवस्थापनाने सोडवायचा प्रश्न आहे आणि त्याला फार मोठा खर्चही लागत नाही.

कामाच्या तासांचा प्रश्नही आरोग्याचाच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील अतिरिक्त कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. त्यात कामगाराच्या संमतीची अट आहे. परंतु हप्ते फेडणारा आणि ठेकेदाराच्या मर्जीवर अवलंबून असलेला माणूस नाही कसे म्हणणार? बारा तास उभे राहून तो मोटारसायकलने सिन्नरहून किंवा गोंद्याहून महामार्गाने घरी जातो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवरची झोप हाही कारखान्याच्याच कामाचा भाग असतो. कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, विमा योजनेत कामावरील इजा मानण्याची तरतूद २०१० पासून आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी चिकाटीने मागणी लावून धरली आणि १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, ही गोष्ट ज्या महाराष्ट्राने इतक्या आधी मान्य करून घेतली, त्याच महाराष्ट्रात आज सलग पाळ्या करणाऱ्याला ‘मेहनती’ म्हणून गौरवले जाते, याचे मला मनापासून दुःख होते.

मनःस्वास्थ्याबद्दल आता बोलले जाते, हे चांगलेच आहे. योगवर्ग आणि व्याख्याने व्हावीत. पण सर्वांसमोर आई-बहिणीवरून शिवी देणारा सुपरवायझर तसाच राहिला, तर त्या व्याख्यानांचा उपयोग काय? सुपरवायझर बहुधा चांगला कारागीर म्हणून बढती मिळालेला असतो. माणसांशी कसे वागावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि वरून येणारा उत्पादनाचा दबाव तो खाली ढकलत असतो. प्रशिक्षणाचा पहिला हक्कदार तोच आहे.

आता छोट्या कारखान्यांविषयी. नव्या संहितेनुसार सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० पासून आहे, तर विजेवर चालणारा कारखाना ही व्याख्याच २० कामगारांपासून सुरू होते. अंबड आणि सातपूरच्या गाळ्यांत चालणारे कितीतरी उद्योग या आकड्यांच्या खालीच आहेत. त्यांच्या मालकांना दोष देऊन भागणार नाही; अनेक मालक स्वतःच यंत्रावर उभे राहतात आणि मोठ्या कंपनीने ठरवलेल्या दरात सेन्सरचा खर्च बसवणे त्यांना खरोखर अवघड जाते. म्हणून निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की, पंचवीस-तीस शेजारी गाळ्यांनी मिळून एक सुरक्षा अधिकारी नेमावा आणि त्याचा पगार वाटून घ्यावा. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांची तपासणी करताना भागाच्या मापाइतकेच तो भाग बनवणाऱ्याच्या सुरक्षेकडे पाहावे आणि संरक्षक साधनांचा खर्च दरात मान्य करावा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने या सामायिक व्यवस्थेला मार्गदर्शन करावे, आणि कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत वेतनवाढीच्या बरोबरीने काम थांबवण्याच्या मुभेचे कलम घालावे.

याविषयी दोन्ही संघटनांनी लवकरच एक बैठक बोलवावी आणि तिला मालक व अधिकाऱ्यांबरोबर प्रेस चालवणारे कामगार, कंत्राटी हेल्पर आणि महिला कामगारही बोलवावेत. सुरुवातीला अंबडमधील एका रांगेतील गाळ्यांची पाहणी करून प्रत्येक प्रेसची संरक्षक साधने तपासण्याचे काम विनामूल्य करण्यास मी तयार आहे, आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेले काही सहकारीही त्यासाठी वेळ देतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी
सिडको, नाशिक