मंत्रिमहोदय, रुमालाखाली काय भाव चालू आहे?

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

नेरुळ, २२ जानेवारी २०२५

विषय : कोल्डप्लेच्या तिकिटांचा काळाबाजार आणि त्याचं कुणालाच काही न वाटणं

सप्रेम नमस्कार.

खात्याचा कारभार आपल्याकडे येऊन जेमतेम महिना झाला आहे, याची मला कल्पना आहे. त्यामुळे सप्टेंबरात जे झालं त्याचा जाब आपल्याला विचारायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलो आहे. हे किती वेळ टिकेल ते सांगता येत नाही.

काल रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचा मुंबईतला तिसरा आणि शेवटचा कार्यक्रम झाला. मुंबईतला म्हणायची पद्धत आहे, झाला तो आमच्या नेरुळला. स्टेडियमपासून माझी बिल्डिंग फार तर दीड किलोमीटर. अठरा, एकोणीस आणि एकवीस, तिन्ही रात्री मी, बायको आणि बारावीतली मुलगी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभे होतो. वारा आमच्या बाजूला वळला की गाणं यायचं, फिरला की जायचं. ड्रम कळायचे, शब्द कळायचे नाहीत. मध्येच त्या बाजूचं आभाळ जांभळं व्हायचं आणि हजारो माणसं एकदम ओरडायची. काल अर्ध्यातच मुलगी खाली निघून गेली. म्हणाली, "बाबा, लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहून जेवणाचा वास घेतल्यासारखं वाटतंय."

यात सरकारचा काय संबंध, असं आपल्या स्वीय सहायकांना वाटेल. सांगतो.

मी वाशीच्या फळ मार्केटमध्ये एका गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशेबनीस आहे. बावीस वर्षं पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, लिहितोय. रॉक म्हटल्यावर लोक माझ्याकडे बघून हसतात, कारण खिशाला दोन पेनं आणि हाताला आंब्याच्या चिकाचे डाग. पण तुर्भ्याच्या खोलीत आम्ही पाच पोरं राहायचो, तेव्हा एकाने या बँडची कॅसेट आणली होती. इंग्रजी निम्मंच कळायचं. रात्री अडीचला मार्केटला निघायच्या आधी एक बाजू ऐकायची, असा नेम होता. पुढे त्या पाचांतला एक गेला, बाकीचे पांगले, कॅसेट माझ्याकडे राहिली. २०१६ साली १९ नोव्हेंबरला हाच बँड बीकेसीला येऊन गेला. तेव्हा नोटाबंदीला अकरा दिवस झाले होते आणि मी मालकाची रोकड घेऊन बँकेच्या रांगेत उभा होतो. मुलगी नऊ वर्षांची होती. तिला म्हटलं, पुढच्या वेळी आले की तुला नेतो. बापाने दिलेला शब्द आहे हा, निवडणुकीतला नव्हे.

पुढची वेळ यायला आठ वर्षं लागली. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बाराला तिकीटविक्री. आम्ही पावणेबारालाच बसलो. माझा फोन, बायकोचा, मुलीचा आणि शेजारच्या मुलाचा लॅपटॉप. बारा वाजले तेव्हा आधी ते ॲपच आडवं झालं. उठलं तेव्हा रांगेतला नंबर दिसला : सात लाख शेहेचाळीस हजार आणि काही. मुलीचा नऊ लाखांत. शेजारच्या पोराचा लॅपटॉप मात्र कसा कोण जाणे अठरा हजारांत. त्याच्याच जिवावर दीड वाजता आम्ही आत शिरलो. उभं राहायचं तिकीट, ६,४५० रुपये, एका वेळी जास्तीत जास्त चार. पंचवीस हजार आठशे! माझा महिन्याचा पगार किती ते इथे लिहीत नाही, पण बायकोने पैसे भरायला हो म्हटलं यातच सगळं आलं. ओटीपी टाकला. चक्र फिरत राहिलं. पैसे कापले गेले आणि तिकिटं मिळाली नाहीत. तेवढ्यात तिसरा दिवस जाहीर झाला म्हणून शेजारच्या मुलाने आरोळी ठोकली, परत रांग, परत आकडा, आणि मग तिन्ही दिवस 'सोल्ड आउट'. पैसे नऊ दिवसांनी परत आले. त्यातही सुविधा शुल्क नावाचे काही रुपये कमी होते. सुविधा कुणाची झाली, हे विचारायला फोन लावला तर तिथे माणूसच नव्हता, 'एक दाबा, दोन दाबा' होतं.

त्या दिवशी एक कोटी तीस लाख लोक रांगेत होते, असं बातम्यांत आलं. तीन दिवसांची मिळून तिकिटं दीड-पावणेदोन लाख धरा. म्हणजे पंचाहत्तर-पंच्याऐंशी जणांमागे एकाला मिळणार. हे मला मान्य आहे, साहेब. माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असलं की काय होतं हे मला शिकवायची गरज नाही. रागावलो तो पुढच्या अर्ध्या तासामुळे. अडीच वाजता मुलीने परदेशी वेबसाइट उघडून दाखवली. तीच तिकिटं, तोच स्टँड, भाव पन्नास हजार, सत्तर हजार, लाखाच्या वर. आमच्या पुढे सात लाख माणसं उभी असताना ही तिकिटं त्या दुकानात पोचली कशी? कोण घेऊन गेलं? ज्यांच्याकडे अजून तिकीट आलेलंच नव्हतं असे लोकही ते विकत होते, असं पुढे कळलं. आमच्या धंद्यात याला सौदा म्हणत नाहीत.

आमच्या धंद्याबद्दल दोन ओळी लिहू द्या, कारण दलाल म्हटलं की मंत्रालयातून थेट आमच्याकडेच बोट दाखवलं जातं. फळ मार्केटमध्ये हापूसचा भाव रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून ठरवायची जुनी चाल आहे. बाहेर उभ्या बागायतदाराला कळत नाही आत काय ठरलं. म्हणून कायदा म्हणतो, उघड लिलाव करा. ठीक. पण आमच्या आडत्याला निदान बाजार समितीचा परवाना लागतो. माल कुणाचा, किती पेट्या, काय भावाने गेला, हे पट्टीवर लिहावं लागतं. ते मीच लिहितो. तिकिटांच्या या बाजारात रुमाल स्टेडियमएवढा आहे आणि परवाना कुणाकडेच नाही. एकूण तिकिटं किती, सामान्य लोकांसाठी खुली किती ठेवली, प्रायोजकांना किती, 'वरून' आलेल्या चिठ्ठ्यांना किती? ही पट्टी कुणी पाहिली आहे का? आमच्याच बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांना दोन पास आले होते. नवराबायको तासाभरात परत आले. फार आवाज होता म्हणे.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. जानेवारीत मुलीची तोंडी परीक्षा, प्रॅक्टिकल, पुढच्या महिन्यात बोर्ड. तरी ती रोज विचारायची. १५ तारखेला टेलिग्रामवर एक जण भेटला. दोन तिकिटं, अठरा हजार, निम्मे आधी. फोटो पाठवला : घरपोच आलेला तिकिटांचा डबा, खाली निळ्या चौकड्यांचं मेणकापड, कोपऱ्यात हळदीचा डाग. त्या डागानेच मी फसलो. वाटलं, घरातला माणूस दिसतोय. नऊ हजार पाठवले. पोरगा डबा घेऊन निघालाय म्हणाला. सानपाड्यापर्यंत आला म्हणाला. मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहाही पाजला, आणि मग म्हणाले, "काका, ब्लॅकचं तिकीट घ्यायला गेलात आणि फसलात, यात मी नेमकं कोणाविरुद्ध लिहू?" एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली. क्रमांक मिळाला. दोन दिवसांनी संदेश आला की तक्रार निकाली निघाली आहे. निकाल काय लागला, हे त्यात नव्हतं.

म्हणून मीच कायदा शोधला. रात्रपाळीचा माणूस आहे, वेळ असतो. रेल्वेचं तिकीट परवान्याशिवाय धंदा म्हणून विकलं तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या राज्यात १९८१ चा एक जबरदस्त कायदा आहे, झोपडपट्टी दादांपासून वाळू तस्करांपर्यंत सगळ्यांना स्थानबद्ध करणारा. त्यात काळाबाजारवालेही आहेत, पण जीवनावश्यक वस्तूंचे. गाणं जीवनावश्यक नाही, मान्य. कांदा आहे. तरी कांद्याचं आपण काय करता ते मी मार्केटमध्ये रोज पाहतो, तो विषय आज नको.

सप्टेंबरात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली. ऑक्टोबरात ईडीने पाच शहरांत छापे घातले. मोबाइल, लॅपटॉप, सिमकार्डं जप्त झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे? एकाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती, ती याच महिन्यात फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं : याबाबत कायदा करायचा की नाही, हे विधिमंडळाने आणि सरकारने ठरवावं. म्हणजे चेंडू कुणाच्या अंगणात आहे, साहेब? आयर्लंडने २०२१ मध्येच मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने तिकीट विकायला बंदी केली. इंग्लंडमध्ये ओएसिस या बँडच्या तिकिटांवरून गेल्या ऑगस्टअखेर बोंब झाली आणि पाच महिन्यांच्या आत, याच जानेवारीत, तिथल्या सरकारने पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा घालण्यासाठी लोकांकडून मतं मागवली. तुमच्याकडून आम्हाला अजून साधा निषेधाचा कागदही आलेला नाही.

गाण्याबजावण्याचे विषय मंत्रिमंडळापुढे येत नाहीत, असं मात्र म्हणू नका. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीत मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. करमणूक कर माफ केला होता. मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध न्यायालयात गेली. पैसे अडकले. आणि जानेवारी २०२१ मध्ये, लॉकडाऊनमधून लोक अजून बाहेर येत असताना, मंत्रिमंडळाने वेळ काढून ती करमाफी पक्की केली. तीन कोटींहून जास्त रक्कम. गाणारा माणूस जाऊन तोवर अकरा वर्षं झाली होती. आयोजकांसाठी चोवीस वर्षांनी फाइल जिवंत होते, साहेब. प्रेक्षकाची फाइल काढलीच जात नाही. या तिकिटांवर १८ टक्के जीएसटी आम्ही भरणार. ब्लॅकमध्ये वर दिलेल्या पैशांवर कोण भरतो? समजा दहाच हजार तिकिटं प्रत्येकी वीस हजार रुपये चढवून गेली असतील, तर वीस कोटी झाले. माझा हिशेब चुकत असेल तर खरा आकडा आपल्या खात्याने द्यावा, मी माझ्या वहीत दुरुस्त करतो.

आणि आता म्हणे २५ आणि २६ तारखेला अहमदाबाद. एक लाखाच्या वरचं स्टेडियम. मुंबईकरांनी जावं म्हणून रेल्वेने खास गाड्या सोडल्या आहेत. तळेगावचा तो सेमीकंडक्टरचा कारखाना गुजरातला गेला तेव्हा गाडी सोडली नव्हती, तो आपला आपण गेला. या वेळी निदान सोय झाली. कोल्डप्लेचा गायक इथे मराठीतही काहीतरी बोलला म्हणतात, व्हिडिओ फिरतोय. परक्या माणसाने आल्या आल्या चार शब्द पाठ केले. इथे ग्राहक म्हणून दार ठोठावतोय तर उत्तर कुठल्याच भाषेत येत नाही. ट्रॅफिक बंद होता तीन दिवस, नेरुळकरांना गाडी लावायला जागा नव्हती, रिक्षावाले वाशीचे चारशे मागत होते, हॉटेलांचे भाव तर ऐकवत नाहीत. हे सगळं आम्ही 'शहराचं नाव होतंय' म्हणून सोसलं. २०१७ ला गायक जस्टिन बीबर, २०१९ ला यू-टू हा बँड, तेव्हाही सोसलं, तेव्हाही गच्चीवरूनच.

मागणं फार नाही. तिकिटावर नाव छापा आणि दारात ओळखपत्र बघा. विमानाला बघतात, परीक्षेला बघतात. ज्याला जाता येणार नाही त्याने त्याच ॲपवर, त्याच किमतीत तिकीट परत द्यावं. आणि परवानगी देतानाच आयोजकांकडून लिहून घ्या की लोकांसाठी खुली तिकिटं किती. ती पट्टी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आली पाहिजे. माझे नऊ हजार मी सोडले असं समजू नका, पण ते या यादीत घालत नाही.

कळावे.

आपला,
एक मेहताजी, फळ मार्केट
(टाकीशेजारचा, नेरुळ)

ता. क. : हे लिहीत असतानाच मुलीच्या फोनवर नवीन नंबरवरून संदेश आला. 'अहमदाबाद, २६ तारीख, दोन तिकिटं, मराठी माणसाला कमी लावतो.' सोबत फोटो. निळ्या चौकड्यांचं मेणकापड, कोपऱ्यात हळदीचा डाग. मी 'विचार करून सांगतो' एवढंच कळवलं आहे. नंबर मंत्रालयाच्या मेलवर वेगळा पाठवला आहे. संध्याकाळपर्यंत वाट बघतो म्हणालाय, त्यामुळे जरा लवकर बघावं.