जुने कार्ड मागून पाहा

संपादक महोदय,

पक्षाघाताचा धोका मोजणाऱ्या बहुतेक कोष्टकांत वयालाच सर्वाधिक वजन असल्यामुळे पस्तिशीतल्या बाईचा पुढील 10 वर्षांचा धोका कमीच दिसतो. गरोदरपणी वाढलेला रक्तदाब, डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकवणारी अर्धशिशी, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या यांची त्यांत बहुधा नोंदच नसते. आमच्या परभणीकडे तर मिश्री लावणे हे तंबाखूचे व्यसन आहे, असे कुणी मानतही नाही. माझ्या धाकट्या जावेच्या गरोदरपणातील तपासणीच्या कार्डावर रक्तदाबाचा 160/110 हा आकडा लाल शाईने लिहिलेला होता, पण बाळंतपण उरकले आणि ते कार्ड ट्रंकेत गेले ते गेलेच. असंसर्गजन्य आजारांची सरकारी तपासणी तिशीपासून सुरू होते. वरचे धोके असलेल्या बायांचा रक्तदाब मात्र वय न पाहता उपकेंद्रात दरवर्षी मोजला जावा.

– एक वाचक, परभणी