ठोक्यांमधला विसावा

चि. सईस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "आई, हृदय रात्रंदिवस चालतं, मग ते थकत कसं नाही?" घाईत उत्तर दिलं असतं तर अर्धवट झालं असतं. प्रश्न फार चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रोज कानाला स्टेथोस्कोप लावणाऱ्या माझ्यासारखीला या प्रश्नाचं उत्तर ठोक्यांपेक्षा ठोक्यांच्या मधल्या शांततेत सापडतं. मिनिटाला ७५ ठोके धर. एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. त्यांतले जेमतेम ०.३ सेकंद खालचे दोन कप्पे, म्हणजे निलय, आवळले जातात. उरलेला अर्धा सेकंद ते सैल पडलेले असतात आणि वरच्या अलिंदांतून आलेल्या रक्ताने भरत असतात. गुणाकार करून बघ: २४ तासांतले जवळपास १५ तास निलय विसावलेले असतात. फक्त हा विसावा सलग मिळत नाही, दर ठोक्यामागे थोडा थोडा मिळतो.

त्या अर्ध्या सेकंदात आणखी एक महत्त्वाचं काम होतं. हृदयाच्या आत सतत रक्त असतं, पण त्या रक्तावर त्याच्या जाड भिंतींचं पोट भरत नाही. त्यासाठी वेगळ्या हृदयधमन्या असतात, महाधमनीच्या अगदी मुळापाशी फुटलेल्या. डावा निलय आवळला की त्याच्या भिंतीत शिरलेल्या या वाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे त्या भिंतीला रक्त मिळतं ते मुख्यतः ती सैल पडल्यावर. ठोके फार वाढले तर सगळ्यांत आधी कमी होतो तो हा सैल पडण्याचा वेळ. हृदयधमन्या अरुंद झालेल्या माणसाची नाडी खूप वेगाने चालायला लागली की डॉक्टर धास्तावतात, ते यासाठी.

शिवाय हा स्नायूच वेगळ्या घडणीचा आहे. ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांनी त्याच्या पेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापलेला असतो. आणि ठोका द्यायला तो मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाही. उजव्या अलिंदात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तोच ठरावीक वेळाने विजेचा इशारा सोडतो. मज्जातंतू फक्त वेग कमी-जास्त करतात. हृदय प्रत्यारोपणात ते मज्जातंतू कापले जातात, तरी नव्या छातीत हृदय धडधडायला लागतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

आपल्याला ऐकू येणारं लब-डब म्हणजे झडपा मिटल्याचा आवाज. निलय आवळले की अलिंदांकडच्या झडपा मिटतात, तो लब. निलय सैल पडायला लागले की धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो डब. डब संपून पुढचा लब येईपर्यंत जी शांतता असते, तोच तो विसावा. नाडी मोजशील तेव्हा तिच्याकडेही लक्ष दे.

आता रक्ताकडे वळू. पुस्तकातल्या आकृतीत एक बाजू लाल आणि एक निळी असते. रक्त निळं कधीच नसतं. ऑक्सिजन कमी झाला की ते गडद लाल होतं, इतकंच. आणि ते 'रिकामं' होऊनही परतत नाही. तू शांत बसलेली असताना उजव्या बाजूला परत येणाऱ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर साधारण पाऊण ऑक्सिजन शिल्लक असतो. ही शिल्लक उगीच नाही. तू धावायला लागलीस की पायांचे स्नायू त्यातूनच जास्तीचा ऑक्सिजन उचलतात.

ही देवघेव होते केशवाहिन्यांत, म्हणजे धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्यांत. त्यांतल्या कित्येक तांबड्या पेशीपेक्षाही अरुंद असतात, म्हणून पेशीला दुमडून, अंग चोरून पलीकडे जावं लागतं. इथे रक्ताचा वेग सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर उरतो, आणि तो असा मंद असायलाच हवा, नाहीतर देवघेवीला वेळच मिळणार नाही. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही. सुमारे १२० दिवसांत ती मोडीत निघते, पण तिच्यातलं लोह अस्थिमज्जेत नव्या पेशींसाठी पुन्हा वापरलं जातं.

तुझ्या स्वतःच्या हृदयाबद्दलही एक गोष्ट सांगायची आहे. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो तेव्हा हृदय हलायला लागतं. तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या फुप्फुसांत हवा नव्हती, द्रव होता. ऑक्सिजन माझ्याकडून वारेतून येत होता. म्हणून तुझ्या दोन अलिंदांमधल्या पडद्यात एक उघडं दार होतं. बरंचसं रक्त फुप्फुसांत न जाता त्यातून थेट डावीकडे जायचं. जन्मल्यावर तू श्वास घेतलास, फुप्फुसं फुलली, त्यांच्याकडून डावीकडे भरपूर रक्त येऊ लागलं, तिथला दाब वाढला आणि ते दार ढकललं जाऊन मिटलं. साधारण चारांतल्या एका माणसात ते पुढेही पुरतं चिकटत नाही, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. तुझं पहिलं रडणं ऐकून आम्ही हसत होतो, तेव्हा आत एवढी मोठी उलथापालथ चालली होती.

रक्त फिरतं हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे, पण प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याच्यानंतर शेकडो वर्षं युरोपातले वैद्य मानत की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयव ते वापरून संपवतात. हृदयातून फुप्फुसांत जाऊन परत येणारा छोटा फेरा तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने लिहून ठेवला होता. पूर्ण फेरा मांडला विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने, १६२८ साली. त्याचं मुख्य हत्यार होतं साधा हिशेब. आजचे आकडे घे: एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला पाच लिटरच्या आसपास, तासाला ३०० लिटर. माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त तासाभरात नव्याने बनणार कसं? म्हणजे तेच रक्त परत येत असलं पाहिजे. ते धमन्यांतून शिरांमध्ये जातं कसं, हे मात्र त्याला दिसलं नाही. केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या त्या माल्पिघी या इटालियन वैद्याने, १६६१ मध्ये, बेडकाच्या फुप्फुसात. हार्वे तोवर वारला होता. न दिसलेल्या वाटेवर निव्वळ हिशेबाच्या जोरावर एवढा विश्वास ठेवणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

हार्वेचा एक प्रयोग तुला आत्ताच करता येईल. डावा हात खाली लोंबकळत सोड, शिरा फुगू देत. मनगटापासून कोपराकडे जाणारी एक ठळक, सरळ शीर निवड. मनगटाच्या बाजूला तिच्यावर उजव्या हाताचं एक बोट दाबून धर, आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुढे सारत ने. मग हे दुसरं बोट उचल. वाटेत झडप असेल तर तिच्यापासून दाबलेल्या बोटापर्यंतची शीर सपाटच राहील, वरून रक्त उलटं येणार नाही. आता पहिलं बोटही उचल, ती पंजाकडून झटकन भरेल. शीर ठळक दिसत नसेल तर आधी हात थोडा वेळ कोमट पाण्यात धर. आणि एका शिरेवर जमलं नाही तर दुसरी घे, झडपा सगळीकडे सारख्या अंतरावर नसतात.

तुझी,
आई